सहीच्या आधी वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी श्रावणात एका रविवारी सकाळी माझी भाची रोह्याहून पेणला आली. रोहा ते पेण म्हणजे दिवा गाडीनं तासाभराचा प्रवास. मध्ये निडी, नागोठणे, कासू. एरवी ती आली की आधी स्वयंपाकघरात शिरते. त्या दिवशी तिनं ओली छत्री दारात टेकवली, पर्समधून अकरा पानं काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "मावशी, उद्या सही करून पाठवायचीत. तू इंग्रजीची बाई, एकदा नजर टाक ना."

ती एम.ए., बी.एड. आहे. रोह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवते. पगार महिना चौदा हजार. हाती आलेली कागदपत्रं ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या एका कंपनीची होती. घरी बसून, लॅपटॉपवरून, देशातल्या आणि परदेशातल्या मुलांना शिकवायचं. पन्नास मिनिटांच्या क्लासचे २५० रुपये. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'महिना ३५ हजारांपर्यंत कमवा'. त्याच पर्समध्ये शाळेच्या राजीनाम्याचा अर्जही तयार होता, फक्त तारीख घालायची बाकी होती.

मी चष्मा लावला, पण वाचायला लगेच सुरुवात केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझीच सही उभी राहिली. ती गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली, आणि आज तुम्हालाही सांगते.

मी पेणमध्ये आयुष्यभर हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाले. करोनाच्या काळात घरी बसून कंटाळा आला होता. २०२१ च्या सुरुवातीला अशाच एका कंपनीची जाहिरात पाहिली. चाळीस मिनिटांच्या क्लासला २२० रुपये. मनात लगेच हिशेब झाला, म्हणजे ताशी ३३० की! करार मोबाइलवर आला. खाली एक चौकोन होता, 'मी वाचले आहे व मला मान्य आहे'. मी न वाचताच त्यावर बोट ठेवलं. मुलांना तीस-पस्तीस वर्षं 'प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा' म्हणून बजावणारी बाई मी!

रोज संध्याकाळी पाच ते आठ, आठवड्याचे सहा दिवस, मी लॅपटॉपसमोर बसायची. दिवसाला चार क्लासच्या वेळा खुल्या ठेवाव्या लागत. मे महिना संपला तेव्हा मी एका वहीत सगळं मांडलं. ती वही मी भाचीसमोर ठेवली.

त्या महिन्यात २६ दिवसांत मी १०४ वेळा खुल्या ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष क्लास झाले ६१. चौदा वेळा मूल आलंच नाही, त्याचे प्रत्येकी ५० रुपये मिळाले. नऊ वेळा 'डेमो' झाला. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून घेतलेला हा क्लास फुकट. अठरा वेळा कुणी बुकिंगच केलं नाही. पण बुकिंग शेवटच्या क्षणीही पडत असे, त्यामुळे खुर्ची सोडता येत नव्हती. राहिले दोन. १७ मेच्या संध्याकाळी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावरून पुढे सरकत होतं. आमच्याकडे वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. त्या दोन बुडालेल्या क्लासचा कंपनीनं दुप्पट दंड कापला, ८८० रुपये. वादळ कोकणात आलं, दंड मात्र पेणच्या बाईला झाला.

आता बेरीज-वजाबाकी. ६१ क्लासचे १३,४२० आणि न आलेल्या मुलांचे ७००, मिळून १४,१२०. दंड वजा जाता १३,२४०. इंटरनेटचे ७०० आणि इन्व्हर्टरच्या हप्त्याचे ५०० काढले की राहिले १२,०४०. कंपनीनं दहा टक्के टीडीएस कापला होता तो मी धरला नाही. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. मात्र विवरणपत्र भरावं लागतं, हे पुष्कळजण विसरतात.

आता वेळ मोजू. खुर्चीत बसलेले ७८ तास. क्लासची तयारी आणि नंतर पालकांना पाठवायचा अहवाल, क्लासमागे पंधरा मिनिटं धरली तर साडेसतरा तास. रविवारच्या सक्तीच्या बैठका, साडेसहा तास. एकूण १०२ तास. बारा हजार चाळीसला एकशे दोननं भागा. ताशी ११८ रुपये! जाहिरातीतला दर ३३०, वहीतला दर ११८.

जूनमध्ये मी काम सोडायचं ठरवलं. तेव्हा त्यांनी मला कराराचं कलम दाखवलं. साठ दिवसांची सूचना न दिल्यास शेवटच्या महिन्याचं मानधन जप्त, शिवाय प्रशिक्षणाचा खर्च पंधरा हजार. ते प्रशिक्षण म्हणजे तीन दिवस पाहिलेले व्हिडिओ. पंधरा हजार मी भरले नाहीत, त्यांनीही पुढे तगादा लावला नाही. पण माझं शेवटच्या महिन्याचं मानधन आजतागायत आलेलं नाही. तक्रार करायची तर करारात परराज्यातल्या एका शहराचं नाव होतं. त्या पैशासाठी तिथपर्यंत कोण जाणार? रक्कम मोठी नव्हती. लाज वाटली ती मी न वाचल्याची.

भाची गप्प झाली. मग आम्ही दोघींनी मिळून तिची अकरा पानं वाचायला घेतली.

शाळेत आम्ही 'शॅल' आणि 'मे' हा धडा शिकवतो. 'शॅल' आलं की बंधन, 'मे' आलं की मुभा. मी तिला लाल आणि हिरवं अशी दोन पेनं दिली. म्हटलं, 'शॅल'खाली लाल रेघ मार, 'मे'खाली हिरवी. अर्ध्या तासात पानं रंगली. जिथं जिथं 'शिक्षिका' हा शब्द होता तिथं लाल. शिक्षिकेनं वेळेवर हजर राहिलंच पाहिजे, दंड भरलाच पाहिजे, साठ दिवसांची सूचना दिलीच पाहिजे. जिथं 'कंपनी' हा शब्द होता तिथं हिरवं. कंपनी दर बदलू शकेल, वेळा बदलू शकेल, कारण न देता करार संपवू शकेल, क्लासचं रेकॉर्डिंग जाहिरातीसाठी वापरू शकेल. भाची म्हणाली, "मावशी, होळीच झाली की गं!"

कंपनीला बांधणारी लाल रेघ अकरा पानांत एकाच ठिकाणी होती. मानधन पुढच्या महिन्याच्या अखेरीस दिलं जाईल. म्हणजे एक तारखेला घेतलेल्या क्लासचे पैसे हाती यायला दोन महिने.

मग आम्ही त्या 'पर्यंत'कडे वळलो. पस्तीस हजार भागिले अडीचशे म्हणजे १४० क्लास. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज पाचाहून जास्त. इतके क्लास देण्याची हमी करारात होती का? नव्हती. 'मागणीनुसार' एवढंच लिहिलं होतं. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय फार उदार असतं, त्यात शून्यही बसतं.

वेळांचंही तेच. 'व्यवसायाच्या गरजेनुसार' असे शब्द होते. दुबईतल्या मुलाचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले साडेसहा, ते जमण्यासारखं आहे. पण न्यूयॉर्कमधल्या मुलाचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. सकाळी शाळा, घरी सासू-सासरे, लहान मूल. पहाटे साडेतीनला कुणाला 'गुड इव्हिनिंग' म्हणणार?

सर्वांत जड कलम नवव्या पानावर होतं. करार चालू असताना आणि तो संपल्यावर दोन वर्षं शिक्षिकेनं इतर कुठेही, ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष, इंग्रजी शिकवायचं नाही. म्हणजे शाळा तर सोडायचीच, उद्या ही कंपनी सोडली तर रोह्यात चार मुलांची शिकवणीही घ्यायची नाही.

अशा कलमांबद्दल आपला कायदा काय सांगतो, हे मी माझ्या अनुभवानंतर थोडं वाचलं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ म्हणतं की, कुणालाही आपला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. याचे दोन खटले आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहेत.

पहिला कल्याणचा. टायरसाठी लागणारा धागा तयार करणाऱ्या सेंच्युरी कंपनीनं निरंजन गोलिकरी यांच्याशी १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला होता. ते मुदतीच्या आत सोडून राजस्थानातल्या दुसऱ्या कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, कराराची मुदत चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट वाजवी असेल तर ती चालते. दुसरा खटला आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाशी करार करण्याआधी आम्हाला संधी द्यावी, अशी त्यात अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मुदत संपल्यानंतर असं बांधून ठेवता येणार नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की गोष्ट स्पष्ट होते. करार चालू आहे तोवरची बंदी बरीचशी गंभीरपणे घ्यावी लागते. तो संपल्यानंतरची बंदी बहुधा कागदावरच राहते. दंडाचंही असंच आहे. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई न्यायालय देतं. पण 'बाँड कुठं टिकतात!' असं म्हणून निर्धास्तही राहू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. आणि कायदा आपल्या बाजूनं असला, तरी कोर्टाची पायरी चढण्याचा वेळ, पैसा आणि मनस्ताप आपलाच असतो. म्हणून हा विचार सहीच्या आधी करायचा.

भाचीनं विचारलं, "पण मावशी, कंपनी मोठी आहे. एवढी मोठी कंपनी माझे पैसे कशाला बुडवील?"

मी तिला मोठ्यांच्याच गोष्टी सांगितल्या. चीनमधल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे हजारो शिक्षक अमेरिकेत आणि इतरत्र होते. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारनं खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घेण्यास मनाई केली. अनेकांचं काम काही आठवड्यांत संपलं. आपल्याकडे बायजूजनं ऑगस्ट २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरला घेतली, तेव्हा सगळे थक्क झाले होते. जुलै २०२४ मध्ये त्याच बायजूजच्या पालक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कंपनी लहान की मोठी, यापेक्षा आपली किती दिवसांची मजुरी तिच्याकडे अडकून राहते, हे बघणं महत्त्वाचं. पंधरा दिवसांनी पैसे देणाऱ्याकडे फार तर पंधरवडा बुडेल. दोन महिन्यांनी देणाऱ्याकडे दोन महिने बुडतील.

थोडा दिलासाही आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगारांची व्याख्या आहे, त्यांच्यासाठी कल्याणकारी योजनांची तरतूद आहे. पण क्लासला किती रुपये द्यायचे, हे त्यात नाही. ते अजून करारातच ठरतं. दुसरा मार्ग उद्यम नोंदणीचा. स्वतंत्रपणे सेवा देणारी व्यक्ती सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारी संकेतस्थळावर ही नोंदणी विनामूल्य करू शकते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार आपल्या राज्यातल्या परिषदेकडे करता येते. नोंदणी मात्र करार करण्याआधी झालेली बरी. २०२१ मध्ये हे मला माहीत असतं, तर माझी वही थोडी वेगळी लिहिली गेली असती.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही कंपनीसाठी चार प्रश्नांचं पत्र लिहिलं. मूल आलं नाही तर किती पैसे? वीज किंवा नेटवर्क गेलं तर दंड कशासाठी? साठ दिवसांची सूचना दोन्ही बाजूंना सारखी का नाही? दुसरीकडे शिकवण्याची बंदी काढाल का? भाचीला भीती वाटत होती. "असं विचारलं तर कामच देणार नाहीत." मी म्हटलं, "आपल्या गल्लीतल्या मूर्तिकाराला विचार." आमच्या पेणला गणपतीचे कारखाने घरोघरी. मुंबईचा व्यापारी कितीही मोठा असो, बयाणा किती, माल कधी उचलणार, वाटेत मूर्ती भंगली तर नुकसान कुणाचं, हे आधी बोलल्याशिवाय आमचा शेजारी मूर्तीला हात लावत नाही. त्यात व्यापाऱ्याला राग येत नाही. उलट, माणूस धंद्यातला आहे हे त्याला कळतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मूल गैरहजर राहिलं तर निम्मे पैसे द्यायला ते तयार होते. बाकी तीन मुद्द्यांवर एकच ओळ होती. 'हा आमचा प्रमाणित करार आहे, त्यात बदल होत नाही.' भाचीचा फोन आला. आवाज पडलेला होता. पस्तीस हजार हा आकडा एकदा मनात शिरला की तो सहज निघत नाही. त्यातून तिनं घरच्या कर्जाचा हप्ता, मुलाची शाळा असं सगळं वाटूनही टाकलं होतं. मी तिला सही कर किंवा करू नकोस, असं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "शाळेच्या राजीनाम्यावर तारीख घालण्याआधी वहीत मांड." रात्री तिनं मांडलं. सकाळी कळवलं, "मावशी, नाही करत."

गोष्ट इथं संपली असती, तर आजचं भाषण नुसतंच भीती घालणारं झालं असतं. दिवाळीनंतर तिनं दुसऱ्या एका ठिकाणी काम धरलं. तिथं क्लासला २०० रुपये, म्हणजे आधीपेक्षा पन्नास कमी. पण बुकिंग झालं तरच बसायचं. मुलानं चार तासांच्या आत क्लास रद्द केला तर पूर्ण पैसे. शाळा सोडायची अट नाही. पैसे दर पंधरा दिवसांनी. कुणीही पंधरा दिवसांच्या सूचनेवर मोकळं. करार दोन पानांचा.

परवा ती वही घेऊन आली. हो, आता तिचीही वही आहे. गेल्या महिन्यात ३८ क्लास झाले, चार आयत्या वेळी रद्द झाले, मिळून ४२ क्लासचे ८,४०० रुपये. इंटरनेटचा वाटा ३०० वजा केला. तयारी, वाट पाहणं, अहवाल सगळं धरून ४२ तास. ताशी सुमारे १९३ रुपये. शाळेचा पगार शाबूत, आणि पहाटे साडेतीनची झोपही शाबूत. पस्तीस हजार काही झालेले नाहीत. कर्जाचा हप्ता अजून जड जातोच. पण जे येतं ते ठरल्या दिवशी येतं.

कोकणातल्या कितीतरी मुली आणि सुना आज असं काम शोधताहेत. शिकलेल्या आहेत, इंग्रजी चांगलं आहे, पण मुंबईला रोजची ये-जा जमत नाही. त्यांच्यासाठी हे काम खरोखर चांगलं असू शकतं, म्हणून तर ते नीट पारखून घ्यायचं. कराराची छापील प्रत काढा. लाल आणि हिरवी पेनं घ्या. मिळणाऱ्या पैशांना क्लासच्या तासांनी भागू नका, दिलेल्या सगळ्या तासांनी भागा. पहिल्याच महिन्यापासून वही ठेवा. आणि न कळलेलं कलम विचारायला लाजू नका. आपण शिक्षक आहोत, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण कधी वर्गाबाहेर काढलं नाही.

भाचीच्या पर्समधला तो राजीनाम्याचा अर्ज कुठं गेला, असं मी तिला परवा विचारलं. हसून म्हणाली, "मागची बाजू कोरी होती ना, त्यावरच पहिल्या महिन्याचा हिशेब मांडलाय."